तिसऱ्या वन-डेचा पडदा

अर्ज केला नसता तर काहीच झालं नसतं, हे जावकरावांना आता घरातल्या प्रत्येकाने सांगून झालं आहे. बायकोने सांगितलं, मेहुण्याने सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या हेडसरांनी तर जिन्यात गाठून दोनदा सांगितलं. जावकरावांना ते मनातून पटलंही आहे. पण एकतीस वर्षं ज्या माणसाने अर्जावर पोट भरलं, त्याला अर्ज न करता जगता येतं ही गोष्ट उशिरा कळली तर त्यात त्याचा दोष किती?

जावकराव हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात जावक टेबलावर बसत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकायचा, वहीत चढवायचा, एक प्रत ठेवून घ्यायची आणि मगच तो कागद सोडायचा, हे त्यांचं काम. क्रमांकाशिवाय त्यांच्या हातून कधी पाकीटसुद्धा गेलं नव्हतं. ऑफिसात त्यांना जावकराव म्हणू लागले, मग शेजारीपाजारी म्हणू लागले, आणि एक दिवस बायकोने फोनवर तिच्या भावाला "जावकराव अंघोळीला गेलेत" असं सांगितलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी विरोध सोडून दिला.

तर झालं असं, की समुद्रापलीकडचा एक तगडा संघ पाच वन-डे खेळायला आपल्याकडे दौऱ्यावर यायचा होता. तिसरी वन-डे ज्या शहरात व्हायची तिथल्या मैदानाच्या गवताला ऐन वेळी कसलीशी कीड लागली आणि तो सामना आमच्या जावकरावांच्या गावात आला. या मैदानावर एकोणीस वर्षांत शाळांचे आणि बँकांचे सामने सोडून काही झालं नव्हतं. आणि जावकरावांच्या तिसऱ्या मजल्याची गॅलरी थेट या मैदानावर उघडत होती. आजवर त्या गॅलरीने त्यांना काय दिलं होतं? दोन फुटलेल्या काचा, वाळत घातलेल्या चादरीवर लाल चेंडूचा एक शिक्का, आणि रविवारी दुपारी झोप लागू नये इतका आरडाओरडा.

बातमी वाचली आणि जावकरावांना सगळ्यात आधी अप्पा आठवले.

अप्पा म्हणजे जावकरावांचे वडील. वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिंपी. क्रिकेटचं वेड असं, की कोणत्या दौऱ्यात कोण कितीवर बाद झालं हे विचारावं आणि अप्पांनी वर त्या दिवशी हवा कशी होती तेही सांगावं. पण या माणसाने उभ्या आयुष्यात मोठ्या सामन्यातला एक चेंडू प्रत्यक्ष पाहिला नव्हता. तरुणपणी एकदा याच पाहुण्या देशाचा संघ याच मैदानावर आला होता. त्यांच्या सलामीवीराची पँट गुडघ्यावर उसवली म्हणून अप्पांना दुकानातून बोलावून नेलं. अप्पा पॅव्हेलियनमधल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून टाके घालत राहिले आणि बाहेर तीन वेळा गर्जना झाली. पँट शिवून ते बाहेर आले तेव्हा चहाची सुट्टी झाली होती, आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, दुकान गेलं, पण त्या तीन गर्जना कसल्या होत्या हे अप्पा अजून अधूनमधून विचारत.

तिकिटं मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मिळाली असती तरी अप्पांच्या गुडघ्यांना स्टेडियमच्या पायऱ्या झेपणाऱ्या नव्हत्या. म्हणून जावकरावांनी ठरवलं, की सामन्याच्या दिवशी गॅलरीत एक खुर्ची टाकायची आणि तिच्यात अप्पांना बसवायचं. सगळी योजना एवढीच. एक खुर्ची. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे जे काही झालं ते या एका खुर्चीतून निघालं.

खुर्ची टाकली, अप्पांना बसवलं. "काय दिसतं, अप्पा?" जावकरावांनी विचारलं.

"भिंत," अप्पा म्हणाले.

गॅलरीचा कठडा उंच होता. उभं राहिलं तर मैदान दिसायचं, पण अप्पांना दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नव्हतं. हेडसर त्याच वेळी वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. हेडसर निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष. दोन्ही पदांमुळे त्यांना न विचारता सल्ला देण्याची सवय होती. "खाली फळ्यांचा ओटा करून घ्या," ते म्हणाले. "शाळेत स्नेहसंमेलनाला आम्ही करायचो."

सुतार आला. त्याने माप घेतलं आणि जे माप घेतलं त्याहून सहा इंच उंच ओटा करून आणला. आता खुर्चीत बसलं की अप्पांचं डोकं कपडे वाळत घालायच्या दांडीला लागे. दांडी काढली. दांडीबरोबर भिंतीचा पोपडा आला आणि पोपड्यामागून ओल निघाली. ती ओल वरच्या मजल्यावरून येते की आपल्याच भिंतीतली आहे यावर हेडसरांनी सोसायटीची बैठक बोलावली. बैठकीत ओलीचं काही ठरलं नाही, मात्र जावकरावांच्या गॅलरीतून सामना दिसणार आहे ही बातमी बावीस घरांना एकदम कळली.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, आम्ही चौघं येतोय. काही करू नका, फक्त बसायला जागा ठेवा." तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा जावक टेबलापाशी थांबून प्रकृतीची चौकशी केली आणि जाता जाता आपल्या मिसेसनाही क्रिकेट आवडतं असं सांगितलं. सुताराला परत बोलावून ओट्याला मागे आणखी एक पायरी करावी लागली. अप्पा आपल्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. "मला आधी बसवा म्हणजे झालं," ते एवढंच म्हणाले.

इथे जावकरावांमधला जावक कारकून जागा झाला.

"इतकी माणसं गॅलरीत बसणार. समोर आंतरराष्ट्रीय सामना. कोणाची तरी परवानगी लागत असेल," ते बायकोला म्हणाले.

"कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"विचारलं नाही म्हणूनच आधी कळवायचं. विचारल्यावर कळवलं तर त्याला खुलासा म्हणतात."

"अहो, आपली गॅलरी, आपली खुर्ची, आपले अप्पा. त्यात कळवायचं काय?"

पण तोवर जावकरावांनी कार्बन लावला होता. क्रिकेट संघटनेच्या मानद सचिवांना त्यांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला: 'विषय: राहत्या घराच्या गॅलरीत बसून सामना पाहण्यास हरकत नसल्याबाबत.' त्यात गॅलरीची लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची आणि बसणाऱ्यांची वयं दिली. सोबत नकाशा जोडला. नकाशा इतका सुबक झाला होता की तो पाकिटात घालताना त्यांना थोडं वाईटच वाटलं.

आठव्या दिवशी दारात एक माणूस उभा. खांद्याला लांबलचक टेप, हातात जावकरावांचा नकाशा, आणि चेहऱ्यावर आठवडाभर झोप न मिळाल्याचा थकवा. मैदानाच्या दोन्ही टोकांना साइटस्क्रीन उभा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. साइटस्क्रीन म्हणजे गोलंदाजाच्या मागचा तो मोठा पडदा, ज्याच्यामुळे फलंदाजाला चेंडू नीट दिसतो. पडदेवाल्याने गॅलरीत जाऊन एक डोळा मिटला, खेळपट्टीकडे पाहिलं, टेप सोडला, गुंडाळला आणि ओट्यावरच मटकन बसला.

"तुम्ही बरोबर गोलंदाजाच्या हातामागे आहात," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या दोन गोलंदाजांची उंची बघितलीत? चेंडू सुटतो तो आमच्या पडद्याच्या वरून. म्हणजे तुमच्या गॅलरीतून."

"मग?" जावकरावांनी विचारलं.

"मग ही गॅलरी झाकावी लागेल. सामना सुरू व्हायच्या आधी एक तास ते शेवटच्या चेंडूपर्यंत. इथे माणूस दिसता कामा नये." मग त्याने आपुलकीने जावकरावांचा हात हातात घेतला. "फार उपकार झाले बघा. तुमचा अर्ज आला म्हणून कळलं. आमच्या तर लक्षातच आलं नव्हतं. हल्ली असे जबाबदार नागरिक राहिलेत कुठे?"

जावकरावांनी आयुष्यात इतकी स्तुती कधी ऐकली नव्हती आणि ती कुठे ठेवावी हेही त्यांना कळेना. आतल्या खोलीच्या दारात बायको उभी होती. तिने फक्त चहाचा कप पडदेवाल्यासमोर जरा जोरात ठेवला.

मग संघटनेचा आदेश आणि त्यासोबत हमीपत्र आलं. 'सदर आच्छादनामागून कोणतीही हालचाल मैदानावर दिसणार नाही याची मी वैयक्तिक जबाबदारी घेतो.' जावकरावांनी नेहमीसारखी, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी सही केली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारताना धोंड्याची पोच घेणारा दुसरा माणूस सापडणं कठीण.

संध्याकाळी अप्पांना सांगायची वेळ आली. जावकरावांनी आदेश वाचून दाखवला. अप्पा टीव्हीवर पहिल्या वन-डेची क्षणचित्रं बघत होते. पाहुण्यांचा सलामीवीर मोकळ्या अंगाने मारत होता.

"म्हणजे मी पडद्यामागे बसायचं," अप्पा म्हणाले.

"आत टीव्हीसमोर बसायचं, अप्पा. टीव्हीवर उलट जास्त चांगलं दिसतं."

"टीव्ही त्याला दाखवायचं ते दाखवतो. मला बघायचं ते मला बघायचं होतं," अप्पा म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री जेवताना जावकरावांना कढीत मीठ कमी आहे की नाही याचाही पत्ता लागला नाही.

संघटनेने कापड पाठवलं ते पांढरं आणि तुकड्यांत. जोडून शिवायला कोणी शिंपी मोकळा नव्हता, कारण गावातले सगळे शिंपी सामन्यासाठी झेंडे शिवत होते. "घरात शिंपी असताना बाहेर कशाला शोधता?" अप्पा म्हणाले आणि पलंगाखालून मशीन काढायला लावलं. दीड दिवस मशीन चाललं. आपल्याच डोळ्यांसमोर लावायचा पडदा म्हातारा आपल्या हाताने शिवत बसला आहे हे जावकरावांना बघवत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन दिवस ऑफिसात उशिरापर्यंत नसलेलं काम केलं.

पडदा तयार झाला. जावकराव तो टांगायला शिडीवर चढले, तेव्हा खालून अप्पा म्हणाले, "अरे, वन-डे आहे ना?"

"हो."

"मग चेंडू पांढरा. पांढऱ्यावर पांढरा चेंडू त्या बिचाऱ्याला दिसणार कसा? पडदा काळा लागतो."

जावकराव शिडीवरच थांबले. खिशातून आदेश काढून वाचला. "आदेशात 'पांढरे आच्छादन' असं लिहिलंय, अप्पा."

"आदेश जुन्या काळातला असेल."

"पण लिहिलंय ना."

हा वाद शिडीवरून पंधरा मिनिटं चालला. हेडसर आले आणि त्यांनी पांढरा पडदा लावून त्यावर काळी चादर टाकावी असा मधला मार्ग सुचवला. शेवटी जावकरावांनी आदेशातील रंगाबाबत मार्गदर्शन मागणारा दुसरा अर्ज केला. पडदेवाला दुसऱ्या दिवशी पळत आला, त्याने कपाळावर हात मारला, छापील फॉर्म बदलायचा राहून गेला असं सांगून माफी मागितली आणि काळं कापड टाकून गेला. सामन्याला दोन दिवस उरले होते.

काळ्यावर काळा दोरा. हे काम तरुण डोळ्यांनासुद्धा नको होतं. अप्पा खिडकीशी बसले, सून सुईत दोरा ओवून देत होती. तिच्याशी ते काहीतरी हळू आवाजात बोलत आणि ती हसे. जावकराव जवळ आले की दोघं गप्प. जावकरावांना वाटलं, आपल्याबद्दलच बोलत असणार, आणि ते बोलत असतील तर त्यांचं काही चुकत नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून घरात अंधार. काळा पडदा लागल्यावर बैठकीच्या खोलीत दिवे लावावे लागले. दूधवाल्याने दारातून डोकावून "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. मेहुणा चौघांऐवजी सहा जणांना घेऊन आला आणि पडदा बघून त्याचं तोंड उतरलं. "भाऊजी, एवढ्या लांबून आलो ते काळ्या कापडासाठी?" मोठे साहेब आणि त्यांच्या मिसेस आल्या. हेडसर आले. दोन मजल्यांवरची माणसं आली, कारण बोलावणं मागे घ्यायचं जावकरावांच्या जिवावर आलं होतं. सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले.

आणि मग एक नवाच ताप निघाला. मैदानातला आवाज पडद्यातून थेट घरात येत होता आणि टीव्हीवरचं चित्र सात-आठ सेकंद मागे होतं. बाहेर आधी गर्जना व्हायची आणि इथे अजून गोलंदाज धावत यायचा असायचा. आता चौकार बसणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक. बाहेर शांतता असली की हा चेंडू फुकट जाणार हेही ठाऊक. "लागलेला निकाल तपासत बसल्यासारखं वाटतंय," हेडसर म्हणाले. साहेबांच्या मिसेसनी कंटाळून जावकरावांच्या बायकोशी लोणच्याच्या बरणीबद्दल बोलायला सुरुवात केली. मेहुणा दर षटकाला एकदा "अर्ज कोणी करायला सांगितला होता?" असं छताला विचारत होता.

पाहुण्यांचा डाव सुरू होऊन तासभर झाला असेल, तेव्हा जावकरावांच्या लक्षात आलं, की अप्पा खोलीत नाहीत.

ते गॅलरीत गेले. पडद्यामागे काळोख आणि उकाडा. ओट्यावर, सुताराने सहा इंच जास्त उंच केलेल्या त्याच ओट्यावर, अप्पा खुर्चीत बसले होते. तोंड पडद्याला जवळजवळ टेकलेलं. आणि त्यांच्या चष्म्यावर उजेडाची एक बारीक रेघ पडली होती.

जावकराव जवळ गेले. पडद्याच्या मधल्या शिवणीत, अप्पांच्या डोळ्यासमोर, एक काज होतं. चारही बाजूंनी घट्ट टाके घातलेलं, कोटाला करतात तसं. बाहेरच्या बाजूने त्यावर काळ्या कापडाची एक पट्टी होती आणि पट्टीला काळं बटण. बटण लावलं की पडद्यात काही आहे हे हात फिरवूनसुद्धा कळलं नसतं. आत्ता ते उघडं होतं.

"अप्पा! मी लिहून दिलंय!" जावकराव कुजबुजले.

"हळू बोल. स्लीपला एक माणूस वाढवलाय," अप्पा म्हणाले.

"माझी सही आहे. वैयक्तिक जबाबदारी आहे."

"एक षटक बघतो. मग तू तुझ्या हाताने बटण लाव."

जावकरावांनी बटणाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून विनापरवानगी काही झालं नव्हतं. ऑफिसातली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नव्हती. मग त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांचं तोंड थोडं उघडं होतं. चेंडू पडला की त्यांची मान हलत होती, चेंडू सीमेकडे निघाला की ओट्यावरची पावलं उचलली जात होती. ते त्याच वेळी बघत होते ज्या वेळी ते घडत होतं. जावकराव वडिलांच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि त्यांनी हात मागे बांधले.

एक षटक झालं. "अजून एक," अप्पा म्हणाले, आणि जावकरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरं झालं, तिसरं झालं. अप्पा त्यांना हळूच सांगत होते: आता पुढे येऊन खेळला, आता सोडला, आता मनात होतं पण हात थांबला. आतून मेहुण्याचा आवाज ती गोष्ट सात सेकंदांनी सांगायचा. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या घरात मेहुण्याच्या आधी काहीतरी आपल्याला कळतंय, या विचाराने जावकरावांना हसू आलं.

तेवढ्यात ऊन कललं आणि तिरपं होऊन पडद्यावर आलं.

"थांबला," अप्पा म्हणाले.

"कोण?"

"सलामीवीर. बाजूला झाला. इकडेच बघतोय." मैदानातला गोंगाट एकदम बसला. "बॅट दाखवतोय रे. आपल्याकडे."

सात सेकंदांनी आतून मेहुणा किंचाळला, "भाऊजी! तो आपल्या घराकडे बॅट दाखवतोय!"

अप्पांच्या चष्म्याची काच त्या काजातून चमकत होती. एवढ्या मोठ्या काळ्या पडद्यावर एक ठिणगी. "अप्पा, चष्मा काढा!" जावकराव म्हणाले.

"चष्मा काढला तर बघू काय?"

आत फोन वाजू लागला. तो पडदेवाल्याचाच असणार हे जावकरावांना न बघता कळलं. पंच चालत सीमेपर्यंत आले. मग मैदानात हशा उठला, आधी एका बाजूला, मग सगळीकडे. मैदानातल्या मोठ्या टीव्ही-पडद्यावर काय दिसलं ते जावकरावांना आतल्या आरडाओरड्यावरून समजलं. कॅमेरा जवळ, आणखी जवळ आला होता. काळं कापड, त्यात सुबक शिवलेलं एक काज, आणि काजात चष्म्यामागचा एक म्हातारा डोळा. डोळा बावरला नव्हता. तो एकदा मिटला आणि पुन्हा उघडला.

"हसतोय तो," अप्पा म्हणाले. "शर्टाच्या गळ्याला हात लावला. बटण लावून दाखवतोय." ते थोडं थांबले. "मला सांगतोय."

मग अप्पांनी दोन बोटं काजातून बाहेर घातली आणि पट्टी ओढून बटण लावलं. गॅलरीत मिट्ट काळोख झाला. बाप बसलेला आणि मुलगा उभा, असे दोघं त्या काळोखात राहिले. बाहेर गोलंदाज धावत आल्याची कुजबुज, क्षणभर शांतता, आणि मग अशी गर्जना झाली की खालच्या फळ्या थरथरल्या.

दोघांनीही आतल्या आवाजाची वाट पाहिली. सात सेकंद.

"बोल्ड! मधली दांडी गेली!" मेहुणा ओरडला.

"चांगला खेळत होता," अप्पा म्हणाले. "माझ्यामुळे लक्ष उडालं त्याचं." त्यांना खरोखर वाईट वाटल्याचं आवाजावरून कळत होतं. मग ते म्हणाले, "एकवीस चेंडू बघितले. आणि त्याने मला बघितलं. साठ वर्षांपूर्वी याच्या देशातल्या माणसाच्या गुडघ्याशी बसून मी टाके घातले, पण त्याने काही मान खाली करून बघितलं नव्हतं." त्यांनी चाचपडत जावकरावांचा हात धरला, उठायला म्हणून. पण उठले मात्र बऱ्याच वेळाने.

सामना आपण जिंकलो. त्या दिवशी मेहुण्यासकट सगळ्यांनी अप्पांना डोक्यावर घेतलं, साहेबांच्या मिसेसनी अप्पांसोबत फोटो काढला आणि हेडसरांनी ओट्याची कल्पना मूळ आपली होती हे जमलेल्या सर्वांना सांगितलं. जावकरावांना मात्र कोणी काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी संघटनेकडून नोटीस आली, तीही तीन प्रतींत. हमीपत्राचा भंग का झाला, आच्छादनास छिद्र कोणी पाडले, आणि त्यास परवानगी कोणाची होती, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

जावकराव जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे खुलासे त्यांच्या हातून बाहेर गेले होते. स्वतःचा एकही नव्हता. बायको समोर बसली. अप्पा शेजारी येऊन वाचू लागले.

"'छिद्र' खोड," अप्पा म्हणाले. "छिद्र उंदीर पाडतो. काज लिही. चौपदरी दोऱ्याचं."

जावकरावांनी खोडलं आणि लिहिलं, 'सदर जागी छिद्र नसून काज आहे.'

"कोणी केलं, ते माझं नाव घाल. मी भितो का काय?"

त्यांनी घातलं. मग तिसऱ्या प्रश्नापाशी पेन थांबलं. अप्पांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने, जिने प्रत्येक वेळी सुईत दोरा ओवला होता, खाली पाहिलं. परवानगी कोणी कोणाला विचारलीच नव्हती. मग जावकरावांनी आपल्या त्या स्वच्छ, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, 'काज माझ्या परवानगीने करण्यात आले. परवानगी तोंडी होती.'

खाली सही केली. पक्कं लिहून प्रत ठेवायला बायकोने कार्बन पुढे सरकवला. जावकरावांनी तो तसाच तिच्याकडे परत सरकवला आणि कागदाची घडी घातली.